पिस्ता रंगाचा ठिपका

वहिनींनी मापट्यात अर्धा कप मधमाश्या घेतल्या होत्या. एकमेकींवर चढणाऱ्या, घसरणाऱ्या, तपकिरी. त्यांच्यात अगदी कडेला पिस्ता रंगाचा एक ठिपका तिला दिसला. ठिपका खाली गेला, पुन्हा वर आला. लांबट पोट, त्यावर अपुरे वाटणारे पंख, पाठीवर तो ठिपका. राणी. आता बोलायला काय लागतं? 'वहिनी, थांबा,' एवढंच. शब्द जिभेवर आलेही होते, त्यांची चवसुद्धा तिला कळली होती. वहिनींनी मापटं बरणीवर उपडं केलं, स्पिरिटात माश्या पडल्या, झाकण फिरलं आणि वहिनी बरणी गोल गोल हलवायला लागल्या. पुढे सबंध हिवाळाभर तिनं तो क्षण उलटून पालटून पाहिला. वेळच नव्हता, असं स्वतःला पटवायचा तिनं पुष्कळ प्रयत्न केला, पण ते काही जमेना. वेळ होता. माणसानं एक श्वास घ्यावा आणि सोडावा एवढा वेळ होता. तिनं तो श्वास घेतला होता आणि सोडला होता.

तसं हे काम मुळातच निर्दय. माश्यांच्या अंगावर तांबूस रंगाची बारीक कीड बसते, माइट म्हणतात तिला. ती माशीच्या अंगातलं सत्त्व शोषते, तिच्या पिलांना पंखांनी लुळं करते, आणि वेळीच कळलं नाही तर थंडीत सगळी पेटी मरते. पेटीत किती कीड आहे हे कळायला एकच खात्रीचा उपाय: अर्धा कप माश्या घ्यायच्या, स्पिरिटात बुडवायच्या, हलवायच्या, गाळायच्या. माश्या मरतात, कीड सुटून खाली बसते, ती मोजायची. हजारो वाचवायच्या म्हणून दोन-तीनशे मारायच्या. फक्त एक पथ्य पाळायचं. आधी राणी शोधायची, ती पोळ्याच्या ज्या चौकटीवर असेल ती चौकट बाजूला काढून ठेवायची, आणि मगच मापटं हातात घ्यायचं. राणी शोधायचं काम तिचं होतं. "राणी बघा, वन्सं, तुमची नजर चांगली आहे," असं वहिनी दर वेळी म्हणत. तिनं बघितली होती, चौकट बाजूलाही ठेवली होती, "आहे, इथं आहे," असं सांगितलंही होतं. चौकट उचलताना राणी खाली पडली असणार आणि शेजारच्या चौकटीवर चढली असणार. होतं असं. त्यात तिची काही चूक नव्हती. चूक त्याच्यानंतर होती, आणि तिला चूक म्हणायचं का, हेच तिला ठरवता येत नव्हतं.

नजर चांगली असणं हा तर तिचा धंदाच होता. कपड्यांच्या कारखान्यात ती कापड तपासायला होती. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जायचं, आणि कुठे धागा सुटला, कुठे डाग, कुठे गाठ, की तिथं लाल बाण चिकटवायचा. दिवसभर तेच. सुपरवायझर म्हणायचा, बाईंच्या हाताखालून खोट सुटून गेली असं आजवर झालं नाही. आणि त्या दिवशी गच्चीवर, कोवळ्या उन्हात, हाताच्या अंतरावर एवढी मोठी खोट सरकत गेली आणि तिनं बाण चिकटवला नाही. वहिनींनी बरणीतलं सगळं गाळणीतून पांढऱ्या ताटात ओतलं, चष्मा वर केला आणि ताटावर वाकल्या. "आहे, पण बेताची आहे. औषधाच्या पट्ट्या घालू," त्या म्हणाल्या. गाळणीतल्या माश्या ओल्या, काळपट, एकमेकींना चिकटलेल्या. तिनं गाळणीकडे हात नेला, तसं वहिनींनी ती स्वतःकडे ओढली. "मी टाकते. तुम्ही पेटी बंद करा, गार वारा सुटलाय." वहिनींनी बघितलं नव्हतं. वहिनी माश्या टाकताना बघत नसत, त्यांना मेलेल्याकडे बघत बसायची सवयच नव्हती. इतकी वर्षं हॉस्पिटलात हेडसिस्टर म्हणून काढलेली बाई ती.

राणी म्हातारी होती. त्यावरूनच तर महिनाभर दोघींचं वाजत होतं. वहिनींचं म्हणणं साधं होतं: म्हाताऱ्या राणीवर हिवाळा काढायचा नसतो, तिला अंगठ्याखाली चिरडायची आणि तरणी राणी विकत आणून घालायची. दुसऱ्या पेटीत त्यांनी तेच केलं होतं, चहा पिता पिता, एका हातानं. ही पेटी मात्र दादाची होती. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा. गच्चीवर पहिली पेटी त्यानं आणली, घरात माश्यांचं वेड त्यानं घुसवलं, आणि जाण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात या राणीच्या पाठीवर ओळखीचा ठिपका त्यानंच दिला होता. रंगाची बाटली वाळून गेली होती, म्हणून तिचं नेलपॉलिश घेतलं होतं. पिस्ता रंगाचं. तिनं हौसेनं आणलेलं, एकदाच लावलेलं, आणि "या वयात पिस्ता?" असं वहिनी म्हणाल्यावर कपाटात टाकलेलं. "बघ ठमे, तुझा रंग राणीला गेला," दादा म्हणाला होता, राणीला दोन बोटांत हलकेच धरून, जीभ दातांत पकडून, काडीनं ठिपका देता देता. त्याच्या हातचं आता जगात काही उरलं नव्हतं, तेवढा एक ठिपका सोडून. महिनाभर ती वहिनींच्या विनवण्या करत होती, राहू दे तिला, एवढा हिवाळा राहू दे, अंडी अजून चांगली घालतेय. शेवटी वहिनींनी हात झटकले. "ठेवा. मेली तर माझ्या नावानं बोंबलायचं नाही." आणि त्याच राणीला तिनं स्पिरिटात जाऊ दिलं.

का? संध्याकाळी भांडी घासताना, बसमध्ये, टेबलावरून कापड सरकताना ती स्वतःला हे विचारत राहिली. बरं, उत्तर तिला माहीत नव्हतं असंही नाही. उत्तर पहिल्या दिवसापासून तिथंच होतं, फक्त त्याच्याकडे तोंड करून उभं राहणं जिवावर येत होतं. ते मापटं वहिनींच्या हातात होतं. एवढंच. मारणारा हात वहिनींचा होता. या बाईच्या हातून कधी काही चुकतच नाही, यांच्या पेट्या मरत नाहीत, यांचा रोगी दगावला तर तो रोग्याचा दोष, मधपाळांच्या बैठकीत कुणी सांगितलं की माझी पेटी गेली, तर "रोग नसतो हो, आळस असतो," असं त्या तोंडावर सांगणार. अशा बाईच्या हातून एकदा, एकदा तरी, दादाचं काही मरायला हवं होतं. आणि ते आपल्याला माहीत असायला हवं होतं, त्यांना नाही. तिला ते हवं होतं. स्वतःचाच हा विचार तिनं पहिल्यांदा सरळ ऐकला तेव्हा ती कारखान्यात होती, आणि हातातला लाल बाण तिनं चांगल्या कापडावर चिकटवला होता.

दादाच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं होतं, वहिनींनी दादाला सांगितलं होतं, आणि तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं होतं अल्सर. पथ्य आणि विश्रांती. त्या आठवड्यात कारखान्यानं तिला दूरच्या गिरणीत माल तपासायला पाठवलं. जाऊ की नको, म्हणून ती दादाच्या खोलीच्या दारात बॅग घेऊन उभी होती, आणि वहिनी त्याची उशी नीट करता करता म्हणाल्या होत्या, "जा हो, खुशाल जा. बरा आहे तो." दादा हसला होता. हसताना त्याचे दात मोठे दिसले होते, तेव्हाच कळायला हवं होतं. ती परत आली तेव्हा खोलीतला पलंग भिंतीला लावलेला होता आणि चादरी दोरीवर वाळत होत्या. सगळं उरकलेलं. ती ओरडली, भांडली, जमिनीवर बसली. वहिनी कपाटाला टेकून उभ्या होत्या. "सांगून काय झालं असतं? तुम्ही रडला असता. त्याला समोर रडणारी माणसं नको होती." त्याला नको होती की तुम्हाला, हे तिनं विचारलं होतं, त्या दिवशी आणि पुढे दोन वर्षं, कधी शब्दांत, कधी ताट आदळून. माहीत असून गप्प बसलात. माहीत असून. हे वाक्य घरात इतकं वापरून झालं होतं की त्याची धार गेली होती, पण ते ती टाकूनही देत नव्हती. घर दादाचं, त्यात दोघींचा वाटा, आणि दोघींनाही जायला दुसरी जागा नाही. अशा घरात बायका एकमेकींच्या चहात साखर किती ते न विचारता घालतात आणि एकमेकींचं तोंड बघायला नको म्हणून खिडकीशी उभ्या राहून तो पितात.

पहिले काही दिवस अजून काही बिघडलं नव्हतं. हे तिला चांगलं माहीत होतं, दादानंच शिकवलं होतं. राणी गेली की तासा-दोन तासांत पेटीला कळतं, माश्यांचा आवाज बदलतो, कण्हल्यासारखा होतो. त्या घाईनं नवी राणी वाढवायला घेतात. पण नवी राणी बाहेर पडली तरी तिला नर लागतात, आणि नरांना तर पेटीनं थंडीच्या चाहुलीनंच पायाला धरून फरफटत बाहेर काढलेलं. गच्चीच्या कठड्याखाली त्यांची मढी पडली होती, तिनंच झाडून काढली होती. म्हणजे आता उपाय दोनच: राणी विकणाऱ्याकडून तयार राणी मागवायची, तो कडाक्याची थंडी पडेपर्यंत देतो, नाहीतर मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून ही पेटी दुसरीवर ठेवायची, कागद कुरतडेपर्यंत माश्यांना एकमेकींचा वास लागतो आणि त्या एकत्र नांदतात. काही केलं तरी माश्या वाचल्या असत्या. दादाच्या राणीची पोरं होती ती. त्यासाठी तिला फक्त तोंड उघडायचं होतं. उद्या सांगू, असं ती रोज ठरवायची. आणि रोज सकाळी वहिनी विचारायच्या, "काय म्हणतायत दादाच्या माश्या? जाऊन कान लावून या बरं." ती गच्चीवर जायची, लाकडाला कान लावायची. आत ते कण्हणं चालू असायचं, उंच, पसरलेलं, मूल रडून रडून दमल्यावर काढतं तसं. ती खाली यायची. "छान आहेत," म्हणायची. "छान," वहिनी म्हणायच्या, आणि तिच्याकडे जरा जास्त वेळ बघून पुन्हा चष्मा पुसायला घ्यायच्या.

मग थंडी पडली. राणीवाल्याचा हंगाम संपला, पेट्या उघडायची सोय राहिली नाही, आणि सांगायचं काही कारणच उरलं नाही. तिला वाटलं होतं, आता सुटल्यासारखं होईल. झालं नाही. वहिनींनी हिवाळ्याची सगळी तयारी तिच्याकडून साग्रसंगीत करून घेतली. दाराला उंदीर शिरू नयेत म्हणून भोकांची पट्टी तिनं ठोकली. पेटीला पोत्याचं कापड तिनं गुंडाळलं. आतली ओल माश्यांवर ठिबकू नये म्हणून झाकणाखाली लाकडाच्या भुशाची उशी तिनं घातली, मागून पेटी किंचित उचलून मध किती उरलाय त्याचा अंदाज तिनं घेतला. "दादाची पेटी जास्त जपा हो, ती नाजूक आहे," वहिनी शेजारी उभ्या राहून सांगायच्या. "तिला दोन पदर गुंडाळा." ती दोन पदर गुंडाळायची. मेलेल्या माणसाला स्वेटर घालतोय असं वाटायचं. कधी वाटायचं, ओरडून सांगावं आणि मोकळं व्हावं. तुम्ही मारलीत, वहिनी, तुमच्या या हातांनी मारलीत. कधी रात्रीचं जेवण वाढताना वहिनींच्या त्या स्वच्छ, नखं कापलेल्या हातांकडे बघून तिला आतल्या आत असं गोड वाटायचं की तिची तिलाच भीती वाटायची. खाऊन घ्या, वहिनी. तुम्हाला माहीतच नाही तुम्ही काय केलंय ते. आणि चहाचं पाणी ठेवायला उठताना तिच्या लक्षात यायचं की हे वाक्य आपलं नाही, दोन वर्षांपूर्वी एक बाई उशी नीट करता करता आपल्याकडे बघून मनात हेच म्हणाली असेल.

ऊन पडलं की दुसऱ्या पेटीतल्या माश्या बाहेर पडून एक चक्कर मारायच्या, पोट मोकळं करायच्या. खालच्या मजल्यावरचे वकील तक्रार घेऊन यायचे, की आमच्या वाळत घातलेल्या शर्टांवर पिवळे ठिपके. "ठिपकेच आहेत ना? धुतले की जातात," वहिनी म्हणायच्या. "काही ठिपके जात नाहीत, ते वेगळे." वकील हसून निघून गेले. तिला ते बोलणं उगाच खुपलं, मग ती विसरूनही गेली. दादाच्या पेटीतून मात्र कुणी चक्कर मारायला निघत नव्हतं. दारात एखाद-दुसरी माशी दिशा चुकल्यासारखी बसायची, आणि संध्याकाळी खाली पडायची. ती त्या उचलून कुंडीत टाकायची, वहिनींना दिसू नयेत म्हणून. आवाज आठवड्यागणिक बारीक होत गेला. मग एकदा तिनं कान लावला आणि आत काहीच नव्हतं. लाकूड थंड होतं. ती बराच वेळ तशीच वाकून उभी राहिली, एका हातानं पोतं धरून, आणि खाली गेल्यावर वहिनींनी विचारलं तेव्हा म्हणाली, "छान आहेत."

हिवाळा ओसरून हवा जरा उबदार झाली, तशा वहिनी माश्या शांत करायचं धुराडं आणि चौकटी सुट्या करायची पटाशी घेऊन वर आल्या. "चला, पेट्या बघू. आधी दादाची." तिनं पोतं सोडलं, झाकण उचललं. आत ओलसर कुबट वास. चौकटींच्या मध्ये मूठभर माश्यांचा गोळा होता, मेलेला, एकमेकींना धरून बसलेला. काहींची डोकी मेणाच्या खणांत खुपसलेली. शेजारच्या चौकटीत मध तसाच होता, भरपूर. उपाशी मेल्या नव्हत्या त्या. वहिनींनी पटाशीच्या टोकानं गोळा हलवला, तो सुट्टा होऊन खाली सांडला. तिला रडू आलं. इतके दिवस येत नव्हतं, ते आता आलं, आणि त्यात काही खोटं नव्हतं, म्हणून तिला स्वतःची किळस आली.

"म्हटलं होतं, चिरडून टाकू," वहिनी म्हणाल्या. "म्हातारी ती. जातच तसली. दिसायला गोड, वागायला गरीब, आणि आत दम नाही. अगदी तुमच्या दादासारखी. जराशी थंडी पडली की मान टाकली. बैठकीत सांगते मी, या जातीची पैदास कुणी करू नका म्हणून."

"दादाबद्दल असं बोलू नका."

"का? खरं ते खरं. त्याच्यात दम असता तर टिकला असता. त्याची राणी टिकली असती."

"राणी म्हातारपणानं नाही मेली." तिचा आवाज तिला लांबून ऐकू आला. "तुम्ही मारलीत. त्या दिवशी तुमच्या मापट्यात होती ती. मी बघितली होती." बोलून झालं. सबंध हिवाळा जपून ठेवलेलं होतं ते, आणि वहिनींचा चेहरा कसा होईल हे तिनं इतक्या वेळा मनात बघून ठेवलं होतं. तिनं वर बघितलं.

वहिनी पटाशीवरचं मेण अंगठ्यानं काढत होत्या. "ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पेट्यांच्या कामाला घालायच्या झग्याच्या खिशातून इंजेक्शनची एक जुनी बाटली काढली आणि मेलेल्या पेटीच्या कडेवर ठेवली. बाटलीत स्पिरिट होतं, आणि स्पिरिटात राणी. ठिपका तसाच, पिस्ता, कालच दिल्यासारखा. "नेलपॉलिश बरं होतं हो तुमचं. उतरलं नाही. गाळणीतच सापडली मला. चहाच्या डब्याच्या मागे ठेवली होती. रोज डबा काढत होता तुम्ही. मला वाटायचं, आज दिसेल."

ती कठड्याला टेकली. "मग तुम्ही का नाही... राणी मागवता आली असती. माश्या तरी..."

"त्याच संध्याकाळी राणीवाल्याला फोन लावायला घेतला होता. मग तुमच्या तोंडाकडे बघितलं. म्हटलं, अरे, हिला दिसली होती." वहिनींनी बाटली उचलून उन्हाकडे धरली, पुन्हा खाली ठेवली. "माझ्याच हातून गेली ती, त्यात वाद नाही. तुम्ही सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी राणी आली असती. रोज विचारत होते मी. रोज. तुम्ही छान म्हणत होता. दोन वर्षं ऐकतेय मी, माहीत असून गप्प बसलात, माहीत असून गप्प बसलात. म्हटलं, बसून बघा एकदा. काय लागतं त्याला ते कळेल." एवढं बोलताना त्यांचा आवाज कुठे चढला नाही. फक्त शेवटी त्यांना खाकरावं लागलं.

"दादाची पेटी होती हो ती," ती म्हणाली.

"हो. दोघींच्या दादाचीच." वहिनी नवऱ्याला दादा कधी म्हणत नसत. त्यांनाही ते जाणवलं असावं, त्यांनी तोंड फिरवलं. मग त्यांनी मेलेल्या माश्या हातानंच गोळा केल्या, सावकाश, एकही न सांडता, कुंडीत टाकल्या आणि झग्याला हात पुसले. बाटली तिथंच राहिली, पेटीच्या कडेवर. दोघींपैकी कुणी ती उचलली नाही. दुसऱ्या पेटीच्या दारात माश्यांची ये-जा सुरू झाली होती, पायांना पहिला पिवळा पराग लागलेला. वहिनींनी धुराड्याचा भाता दोनदा दाबला, धूर नीट येतोय का बघितलं, आणि झाकणाखाली पटाशी घालून ते सैल केलं. स्पिरिटाची बरणी त्यांनी येतानाच वर आणली होती. पांढरं ताट, गाळणी, मापटं, सगळं एका ओळीत मांडलेलं होतं.

"या, वन्सं," त्या म्हणाल्या. "डोळे पुसा आधी." ती आली. डोळे पुसले. झाकण निघालं, ऊब वर आली, मधाचा आणि जिवंत अंगांचा वास आला. वहिनींनी पहिली चौकट उचलून तिच्यासमोर धरली, माश्यांनी गच्च भरलेली, हलती, आणि मापटं दुसऱ्या हातात घेतलं.

"दिसली की सांगा," वहिनी म्हणाल्या.